दोरीच्या मागच्या टोकाला

नीलिमा टिपणीस ब्रेकवर पाय ठेवून बसली होती, आणि ब्रेकला पाय लावायचा नाही असं तिला तीनदा बजावून झालं होतं. दोनदा नवऱ्यानं, एकदा थेट पर्थहून मोठ्या दिरांनी.

गाडी बेडोकच्या त्यांच्या ब्लॉकशेजारच्या कारपार्कमध्ये, पाचव्या मजल्यावर. पांढरी, छोटी, नव्व्याण्णव साली घेतलेली. सिंगापुरात गाडी जन्माला येते तीच दहा वर्षांचा परवाना घेऊन, आणि त्या परवान्याचा आज, दोन हजार नऊमधल्या एका शनिवारी, शेवटचा दिवस होता. मुदत वाढवायची नाही हे तिच्या नवऱ्यानं, विश्वासरावांनी, कधीच ठरवलं होतं. आज गाडी स्वतः चालवत भंगाराच्या यार्डात नेऊन द्यायची आणि टॅक्सीनं घरी यायचं, असा साधा बेत होता. पण बेत आखणाऱ्याला वीस दिवसांपूर्वी हार्ट अटॅक आला, दोन स्टेंट बसले, आणि तो घरी येतो तोवर उभ्या गाडीनंही असहकार पुकारला. मेकॅनिक म्हणाला, इंजिनाचा पट्टा तुटलाय, दहा दिवसांच्या पाहुणीवर खर्च कशाला करता?

गाडी ओढून न्यायला बोलावलेला टोइंगचा ट्रक साडेअकराला आला, तो कारपार्कच्या तोंडाशी लावलेल्या उंचीच्या आडव्या दांड्यापाशीच थबकला. आत शिरणं शक्यच नव्हतं. बुटका ट्रक सोमवारी मिळेल, म्हणाला. यार्ड एकला बंद. ट्रकवाल्यानं घड्याळ दाखवलं, तुम्ही गाडी खाली आणा, बारा-दहापर्यंत थांबतो.

शेजारचे को अंकल टोफूची डिलिव्हरी करायचे. त्यांची छोटी व्हॅन होती आणि व्हॅनमध्ये जाड नायलॉनची दोरी होती. "टो लाह. नो प्रॉब्लेम," ते सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, म्हणजे व्हॅनला बांधून ओढू. प्रश्न एवढाच उरला, की मागच्या गाडीत बसणार कोण?

"मी," विश्वासराव म्हणाले. "माझी गाडी आहे."

इथे नीलिमाबद्दल थोडं सांगायला हवं. बाई तशी गरीब गाय. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत तिचं काम चेकरचं, म्हणजे दुसऱ्यानं भरलेला व्यवहार तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. ऑफिसात तिच्या एका 'नाही'वर मोठमोठे साहेब फाईल घेऊन परत फिरत. घरी मात्र अठ्ठावीस वर्षांत तिनं विश्वासरावांचं काही तपासायला घेतलं नव्हतं, आणि विश्वासरावांनी दादांचं. दादा, म्हणजे शिरीष टिपणीस, निवृत्त झाल्यापासून ऑस्ट्रेलियात घराएवढ्या गाडीतून फिरत आणि त्या घरामागे एक छोटी मोटार बांधून ओढत नेत. त्यामुळे टोइंगमधलं त्यांना सगळं कळतं, हे घरात मान्य झालेलं होतं.

गाडी चालवायचा तिच्याकडे परवाना होता, पण नऊ वर्षांत ती त्या सीटवर बसलेली नव्हती. याच कारपार्कच्या तिसऱ्या मजल्यावर तिच्या हातून खांबाला गाडी घासली होती. विश्वासराव ओरडले नव्हते. मुलांदेखत त्यांनी शांतपणे "उतर" म्हटलं आणि स्वतः जाऊन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं. ती उतरली ती उतरलीच.

आज मात्र ट्रकवाल्याला द्यायला सकाळीच हुकावरून काढलेली किल्ली तिनं मुठीत घट्ट धरली. बंद इंजिनाचं स्टिअरिंग जड होतं, एवढं तिला ठाऊक होतं, आणि नवऱ्यानं दुधाची पिशवीसुद्धा उचललेली डॉक्टरांना चालत नव्हती. "तुम्ही बसलात तर मी गाडीसमोर उभी राहीन," ती म्हणाली. शेवटी तोडगा निघाला. ती बसेल, पण दादा फोनवरून सांगतील तस्सं करायचं.

दादा फोनवर आले. "गियर न्यूट्रल. किल्ली ऑन, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. हँडब्रेक खाली. आणि ब्रेकला पाय लावायचा नाही. मागची गाडी आपोआप येते. मी तीन वर्षं ओढतोय."

नीलिमाच्या डोक्यात तेव्हाच काहीतरी खटकलं. ऑफिसात असती तर तिनं पेन खाली ठेवलं असतं आणि विचारलं असतं. इथं ती गप्प बसली.

को अंकलनी व्हॅन हळूच पुढे घेतली. दोरी ताणली गेली, गचका बसला, आणि गाडी निघाली. स्टिअरिंग पाट्यासारखं जड. विश्वासराव एका हातात फोन धरून बाजूनं चालत होते. सपाटीवर सगळं ठीक होतं. मग उतार आला, आणि दोरी सैल पडली. व्हॅन उतारावर दबकत चालली होती, हिची गाडी मात्र मोकळी सुटली. व्हॅनच्या मागच्या दिव्याची लाल काच मोठी मोठी व्हायला लागली. तिनं घाबरून ब्रेक दाबला. तो कडक लागला, तरी गाडी थोडी रेंगाळली, तेवढ्यात व्हॅन पुढे सरकली आणि दोरीनं असा हिसका दिला की तिचे दात एकमेकांवर आपटले.

"ब्रेक लावला ना तिनं?" फोनमधून दादा. "दोरी तुटेल!"

"नीला, पाय काढ!" विश्वासराव म्हणाले. त्यांचा चेहरा घामेजला होता. त्यांनी चिडू नये, एवढंच तेव्हा तिच्या मनात होतं. तिनं पाय काढला आणि बाजूला, रबरी पायपुसण्यावर ठेवला.

चौथ्या मजल्याची सपाटी संपली. दुसरा उतार सुरू झाला तशी गाडी पुन्हा मोकळी झाली. तेवढ्यात उताराच्या तळाशी भाजीची ट्रॉली ओढत एक म्हातारी आडवी आली आणि को अंकलनी व्हॅन जागच्या जागी थांबवली. दोरी लोळत जमिनीवर आली आणि नीलिमाच्या पुढच्या चाकाकडे सरकली. ते विश्वासरावांना दिसलं. दोरी चाकाखाली गेली तर पुन्हा हिसका बसेल, म्हणून ती उचलायला ते वाकले. दोन गाड्यांच्या मधे, तिच्याकडे पाठ करून.

गाडी घरंगळत होती. माणूस चालतो त्या वेगानं.

तिनं ब्रेक दाबला. ब्रेक दगडासारखा, एका पायानं दबेचना. बंद इंजिनाच्या ब्रेकमागे फक्त माणसाच्या पायाचं बळ उरतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे विश्वासरावांचा निळा शर्ट आणि ऑपरेशनपासून ढगळ झालेली पँट. हॉर्न वाजवला तर ते दचकून इथंच वर बघत उभे राहतील, असं तिला क्षणात वाटून गेलं. तिनं दुसरा पायही ब्रेकवर घातला, सीटवरून अर्धी उठली, सगळं अंग त्या पट्टीवर टाकलं आणि डाव्या हातानं हँडब्रेक खांद्यातून कळ येईपर्यंत ओढला.

गाडी थांबली. बंपर पँटला टेकला होता, फक्त पँटच्या कापडाला.

विश्वासराव वळले. मागे बोनेट, पुढे व्हॅन, आणि मधे आपण, हे त्यांना तेव्हा कळलं. हातातला फोन बोलतच होता, "काय झालं? ब्रेक नको हां! येऊ दे तिला आपोआप!"

नीलिमानं काच खाली केली. "तिथून निघा आधी," ती म्हणाली. ते निघाले. "फोन द्या." त्यांनी दिला. तिनं तो बंद करून मांडीवर ठेवला. टिपणिसांच्या घराण्यात दादांचा फोन मधेच कापणारी ती पहिलीच.

मग मघाशी काय खटकलं होतं ते तिला लख्ख दिसलं. दिवाळीत दादांनी फोटो पाठवले होते. त्यांच्या घरगाडीमागे दोरी नव्हती, पोलादी दांडा होता. दांडा मागच्या गाडीला ओढतो आणि पुढे घुसूही देत नाही, म्हणून तिथं मागे कुणी बसायची गरज नाही. दोरीला फक्त ओढता येतं. थांबायचं ते मागच्यालाच. उंटावरच्या शहाण्याची गोष्ट तिनं लहानपणापासून ऐकली होती, आणि ऑस्ट्रेलियात उंट पुष्कळ. पण तिला राग आला तो स्वतःचाच. तिला विचारायचं होतं, आणि तिनं विचारलं नव्हतं.

"दादांच्या गाडीला दांडा असतो, ही दोरी आहे. तुम्ही लिफ्टनं खाली जा आणि बसा," ती विश्वासरावांना म्हणाली. ते लिफ्टकडे गेले.

को अंकल खाली उतरून आले. तिनं त्यांना इंग्रजीत सांगितलं, सपाटीवर तुम्ही ओढा, उतारावर मी हँडब्रेकवर गाडी धरून ठेवीन. दोरी सैल पडू द्यायची नाही. आरशात मी हात वर केलेला दिसला की थांबा.

अंकलनी मान डोलावली. "करेक्ट. लाइक दॅट शुड बी. आंटी, यू नो, व्हाय यू नेव्हर से?"

ठाऊक होतं तर आधी का बोलली नाहीस, हेच ती स्वतःलाही विचारत होती.

तिसऱ्या मजल्यावर तो खांब लागला. घासल्याची पांढरी रेघ नऊ वर्षांत कुणी रंगवली नव्हती. वळण तिथंच होतं. तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं आणि गाडी त्या खांबापासून वीतभर अंतरानं काढली. पुढचे उतार तिनं हँडब्रेक दोन-दोन दात सोडत, पुन्हा आवळत उतरवले. हाताला फोड आला. दोरी शेवटपर्यंत ताठ राहिली.

खाली बारा वाजून आठ मिनिटं झाली होती. ट्रकवाल्यानं गाडी वर चढवली, साखळ्या घातल्या, कागदावर सही घेतली. किल्ली देताना नीलिमाला क्षणभर ती सोडवेना. मग ट्रक गेला.

ब्लॉकखालच्या दगडी बाकावर विश्वासराव आपलीच नाडी धरून बसले होते. ती त्यांच्यापासून थोडी लांब बसली. आता हे आपल्याला फोन कापल्याबद्दल बोलणार, असं तिनं गृहीत धरलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. दादाच. तिनं तो नवऱ्यापुढे धरला.

"हॅलो. हो, गेली गाडी," विश्वासराव म्हणाले. "नाही, तू सांगितलंस तसं नाही. तुझ्याकडे दांडा असतो, दादा. आमच्याकडे दोरी होती... अरे, ऐक. मी मधे शिरलो होतो. दोन गाड्यांच्या मधे... हो, लावला तिनं ब्रेक. लावला, म्हणून तुझ्याशी बोलतोय."

त्यांनी फोन ठेवला. समोरच्या कारपार्ककडे मान वळवली.

"त्या दिवशी खांबापाशी मी तुला उतरवायला नको होतं," ते म्हणाले.

हे शब्द ऐकायची तिनं नऊ वर्षं वाट पाहिली होती. ते आले तेव्हा तिला आनंद झाला नाही, संताप आला, डोळे भरून आले, आणि काय काय बोलायचं होतं त्यातलं एकच वाक्य बाहेर पडलं.

"गाडी भंगारात गेल्यावर सांगताय?"

"हो," विश्वासराव म्हणाले. "उशीर झाला."

तिनं पदरानं डोळे पुसायला हात नेला, तर अंगात पंजाबी ड्रेस. मग मनगटानंच पुसले. "चला. साडेबाराची गोळी राहिलीय."

हॉस्पिटलातून आल्यापासून कुणाला हाताला हात लावू न देणाऱ्या विश्वासरावांनी बाकावरून उठायला आपला हात तिच्यापुढे केला.