हाक ओळखणाऱ्या मामी

मामींना मालिकेची गोष्ट कधीच धड सांगता आली नाही. कोणाची इस्टेट कोणी लाटली, दुधात विष कोणी कालवलं, कशाचा पत्ता नसायचा. त्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे असायचं: कोण कोणाला काय म्हणून हाक मारतंय. तेवढ्यावर त्या पुढच्या महिन्याची मालिका सांगून मोकळ्या व्हायच्या. "इतके दिवस आई म्हनत होती, आज सासूबाई म्हनली. हाक बदलली, पोरी. आता पाह्य, हे चूल अलग मांडते." आणि महिनाभरात चूल वेगळी व्हायचीच.

अकोल्याला जठारपेठेत त्यांच्या वरच्या खोलीत मी सहा वर्षं भाड्यानं राहिले. शाळेतून आले, हातपाय धुतले, की सात वाजता खाली मामींच्या शेजारी. टीव्ही एवढा मोठ्यानं, की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही संवाद पाठ व्हावेत. पहिले काही महिने त्या मला 'मॅडम' म्हणायच्या. मग 'बाई' म्हणू लागल्या. एकदा मी तापानं फणफणले तेव्हा पेजेची वाटी घेऊन जिना चढत आल्या त्या 'पोरी' म्हणतच. त्या दिवसानंतर मी त्या घरात भाडेकरू राहिले नाही.

त्यांचे नियम ठरलेले होते. नायिका नायकाला 'सर' म्हणत असेल तर लग्न ठरलेलंच. "जो घडीघडी ताई ताई म्हनते, त्याच्या पोटात काहीतरी काळं असते." नवरा-बायको कडाक्याचं भांडू लागले, की मी म्हणायची, संपलं यांचं. मामी मान हलवायच्या. "भांडनात एकमेकाचं नाव घेऊन राहिले ना? मंग काही भेव नाई. नाव सुटलं का समज, सारं सुटलं." मी त्यांची थट्टा करायची. मामी, तुम्हाला कोर्टातच बसवायला पाहिजे, वकिलांची गरज नाही, असं म्हणायची. त्यावर त्या खूश होऊन मला आणखी एक भाकर वाढायच्या.

मामा तेल्हाऱ्याच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाची प्रत पाहायचे. चिमटीत कापूस धरून हलकेच ओढायचा आणि धागा किती लांब निघेल ते सांगायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. घरात त्यांचं बोलणं बेताचंच. बायकोला हाक मारायची तर एकच शब्द, 'अवं'. पाणी हवं असलं तरी अवं, चष्मा सापडत नसला तरी अवं, आणि रागावले असले तर तोच जरा लांबवून. आतून मामींची ओ ठरलेली, "आली जी!" मी तेव्हा नव्या विचारांची, शाळेत पोरींना स्वाभिमान शिकवणारी. एकदा म्हटलं, "मामी, तुम्हाला नाव आहे की! नुसतं अवं काय?" मामींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "नाव तं साऱ्या गावाले मालूम आहे. अवं मी एकट्या त्यायचीच आहो."

मग ती संध्याकाळ आली. मालिकेत मोठ्या सुनेचं डोहाळजेवण चाललं होतं. मामा दारात येऊन उभे राहिले आणि मामींकडे पाहत म्हणाले, "बाई, जरा पानी देता का?"

मला हसूच फुटलं. "बघा मामी, इतक्या वर्षांनी मामांना शिस्त लागली!" मामी हसल्या नाहीत. त्यांनी टीव्ही बंद केला. मालिका चालू असताना तो टीव्ही बंद झालेला मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी मामांना पाणी दिलं, रिकामा गिलास घेऊन परत आल्या आणि माझ्याजवळ बसत म्हणाल्या, "हाक बदलली."

पुढे ते वाढतच गेलं. 'बाई, तुमी जेवल्या का?' 'बसा तुमी, मी घेतो हातानं.' सगळ्यांना मोठी गंमत वाटली. अमरावतीचा त्यांचा मुलगा संजू फोनवर म्हणाला, "माय, बाबा सुधारले!" मी तर मामांचं ते 'तुमी बसा' मोबाइलवर टिपून मैत्रिणींना पाठवलं. वर लिहिलं, असा नवरा हवा. आज ते आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत मारून घ्याव्याशा वाटतात. मामी तेव्हा एकच घोकत होत्या, "त्यायले डॉक्टरले दाखवा रे." संजू म्हणाला, "माय, तू सिरियल पाहनं कमी कर." आणि मी, त्यांची पोरगी म्हणवणारी, मीही तेच म्हणाले. जरा गोड शब्दांत, पण तेच.

सात-आठ महिन्यांनी मामा भाजी आणायला गेले आणि घर विसरले. दोन गल्ल्या पलीकडे एका ओट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले सापडले. तेव्हा कुठे संजू धावत आला आणि आम्ही डॉक्टरांकडे गेलो. हा विसरण्याचा आजार आहे, डॉक्टर म्हणाले, कधीपासून आहे हे? संजू माझ्याकडे पाहू लागला, मी संजूकडे. मामी म्हणाल्या, "मोठ्या सुनेच्या डोहाळजेवनापासून." डॉक्टरांनी विचारलं, तुमची मोठी सून का? ती टीव्हीतली सून आहे, हे मला समजावून सांगावं लागलं. सांगताना मान वर होईना. यांना आधी आणलं असतं तर आजार थोडा तरी आवरता आला असता, एवढं बोलून डॉक्टर लिहू लागले.

मामींनी आम्हाला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

सुरुवातीला त्या मामांना परोपरीनं सांगायच्या, "आवो, मी तुमची बायको होय." एकदा मामा हे ऐकून खुर्चीतून उठले, त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "असं बोलू नका बाई. माह्या घरवालीनं आयकलं तं तिले काय वाटन?" त्या दिवशी आपलं अंथरूण उचलून ते बाहेरच्या खोलीत गेले. परक्या बाईच्या शेजारी कसं निजायचं? मामींनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्या मुकाट्यानं 'बाई' झाल्या. बाई म्हणून मामांना भरवायच्या, आंघोळ घालायच्या, आणि ते "तुमाले लय तरास देऊन राहिलो" म्हणाले की "काही तरास नाई, भाऊ," असं उत्तर द्यायच्या. ते 'भाऊ' ऐकून मला दुसरीकडे पाहावं लागायचं.

"मामी, राग नाही येत?" मी विचारलं.

"कावून येईन? दुसऱ्या बाईसंग नीट वागून राहिले ना ते. बायको कोन हे इसरले. आहे हे तं नाई ना इसरले."

कधी कधी मामा दाराशी येऊन विचारायचे, "बाई, आमची घरवाली दिसली का तुमाले?" मामी म्हणायच्या, "शेंदूरजनाले गेली, माहेरी. येते उद्या." शेंदूरजनाघाट हे मामींचंच माहेर. मग मामा संत्र्याच्या बागांचं काहीबाही बोलत बसायचे आणि मामी पाहुणीसारख्या ऐकायच्या.

सात वाजता टीव्ही लागायचा, पण आवाज आता अगदी बारीक. मी म्हटलं, मामी, असं काय ऐकू येणार? "मालिका आयकतच नाई मी," त्या म्हणाल्या. "एकडाव अवं म्हनतीन ते. तवा टीव्ही मोठा असला तं?" भीती मला त्या बोलण्याची वाटली. मामांचं घर हरवलं होतं, पण रस्त्यावर उभ्या असल्यासारख्या मामी दिसत होत्या.

माझी बदली अमरावतीला झाली. निघताना मी पाया पडले. "फोनवर मले 'तुम्ही कशा आहात' असं इचारू नको," त्या म्हणाल्या. "'मामी, काय केलं जेवाले' असं इचार. म्हंजे समजीन, पोरगी हायेच." मी तसंच विचारत आले. दीड वर्ष. मग एका दुपारी फोन आला तो संजूचा. मामी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या होत्या, तिथंच खाली बसल्या आणि गेल्या.

शाळेच्या परीक्षा होत्या. मी पोहोचेपर्यंत तेरवीही होऊन गेली होती. बाहेरच्या खोलीत मामा खुर्चीत बसलेले, शेजारी संजू. मामांनी मला नमस्कार केला, ओळखलं नाही. मी आत स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले; दारातून बाहेरची खोली दिसत होती. मामींचा डबा, मामींची चिमणी कढई, सगळं जागच्या जागी. तेवढ्यात बाहेर दोन म्हातारे आले, जिनिंगमधले मामांचे जुने सोबती. त्यांना पाहून मामा एकदम ताठ बसले. आणि आतल्या दाराकडे तोंड करून, पूर्वीसारख्या भरल्या आवाजात, त्यांनी हाक मारली.

"अवं! तेल्हाऱ्याचे पाव्हने आले. च्या ठेव."

 संजूनं तोंड ओंजळीत घेतलं. ज्या हाकेसाठी त्या बाईनं दोन वर्षं टीव्हीचा आवाज मोठा केला नाही, ती हाक आली होती, आणि घरात ओ द्यायला त्या नव्हत्या. मामा वाट पाहत होते. दुसऱ्यांदा हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं तसं माझ्यानं राहवेना.

"आली जी!" मी आतून म्हटलं, आणि पातेल्यात पाणी ओतलं. निम्मं बाहेर सांडलं.

बाहेर मामा पाहुण्यांना सांगत होते, "बसा, बसा. येऊन राहिली."