शेजूळ सरांनी निवडलेलं विमान

शेजूळ सर विमान कधी पुढून पाहत नसत. बाकीचे पंखा, काचा, रंग न्याहाळत उभे असायचे, तेव्हा सर मागे जाऊन शेपटीखालच्या छोट्या चाकापाशी उकिडवे बसलेले असत. चाक हाताने फिरवायचे, शेपटीच्या कापडावर अंगठा दाबायचे आणि मग उठायचे. "तोंड काय, समदेच रंगवून ठेवतेत," एवढंच म्हणायचे. स्तुती त्यांना जमत नसे, विमानाचीही नाही आणि माणसाचीही नाही.

सर मूळचे राजूरचे, शेतकऱ्याच्या घरातले. बाहेरगावी वर्षानुवर्षं विमान शिकवून ते नव्वदच्या आसपास जालन्याला परत आले. इथे चार व्यापाऱ्यांनी मिळून छोटा फ्लाइंग क्लब काढला होता. माझे वडील, म्हणजे दादा, त्यांच्यात होते. आम्ही धावड्याचे, पण दादांचं बियाण्याचं दुकान जालन्यात. बी.एस्सी. झाल्यावर मी विमान शिकायचं म्हणाले, तेव्हा दादांनी एक वर्ष दिलं. वर्षात एकटीनं विमान उडवून उतरवलं तर पुढे शिकायचं, नाहीतर दुकानात बसायचं. क्लबात मीच सगळ्यात कच्ची होते. हे सर माझ्यादेखत सगळ्यांना सांगत.

क्लबचं जुनं विमान महिन्याभरातच कायमचं बंद पडलं. नाकाखाली चाक असलेली नवी विमानं शिकायला सोपी, पण ती आमच्या आवाक्याबाहेरची. स्वस्तात मिळायची ती जुन्या पद्धतीची, पुढे दोन चाकं आणि तिसरं शेपटीखाली. उतरल्यावर पायांनी सतत सांभाळलं नाही, तर असं विमान जागच्या जागी गिरकी घेतं. विदर्भातला एक क्लब अशी दोन विकत होता. त्यातलं एकच आम्हाला घेता येणार होतं. सर मला सोबत घेऊन गेले.

मलाच का, हे मला वाटेतच उमगलं होतं. आमच्याकडे बैल पारखताना घरातल्या सगळ्यात नवख्या माणसाच्या हाती कासरा देतात. त्याच्या हातात जो बैल नीट चालेल, तो घ्यायचा. सरांनीही तेच सांगितलं. "बाई, तू कासरा धर. मी नुस्तं बाजूला बसतो."

पहिलं विमान रुंद चाकांचं, शांत. मी तीनदा उतरवलं, तिन्ही वेळा ते सरळ पळालं. मनातल्या मनात मी दादांची अट पुरीसुद्धा केली होती. दुसऱ्याची चाकं जवळजवळ, रंग उडालेला. ते दोन्ही वेळा मला धावपट्टीवरून गवतात घेऊन गेलं आणि दुसऱ्यांदा तर आल्या दिशेला तोंड करून थांबलं. मी घामाघूम झाले होते. सरांनी खाली उतरून शेपटीचं चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "हेच घेऊ."

मी विचारलं, बैल असता तर तुम्ही हा घेतला असता का?

"बैल कामाला घ्यायचा असतो, बाई. हे शिकायला घेऊन राह्यलो. त्या पयल्यात तू झोपलीस तरी ते सरळ जाईल. मंग तुला काय येईल?"

माझं वर्ष त्यांनी एका वाक्यात घालवलं, असं मला वाटलं. रागही आला. पुढचे कित्येक महिने मी रोज त्या विमानाशी झगडले आणि सरांशी कामापुरतं बोलले. जालन्याच्या धावपट्टीवर वारा बहुतेक आडवा येतो, त्यामुळे झगडायला कधी कमी पडलं नाही. हळूहळू रागही बधिर झाला. वर्ष संपलं, आणि सरांनी मला एकटीला सोडलं नव्हतं.

मी मुकाट्याने दुकानात बसायला लागले. चौथ्या दिवशी सर दुकानात आले आणि सरकीच्या पोत्यावर बसले. दादांनी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही.

"कसूर माझा हाय," ते म्हणाले. "सोपं घेतलं असतं तर पोरगी सहा महिन्यात उडाली असती. अजून थोडे दिवस द्या."

दादांनी कधी कुणाला मुदत वाढवून दिली नव्हती. त्या दिवशी दिली.

त्यानंतर महिन्याभरात सर गेले. सकाळी दाढी करताना पडले, ते उठलेच नाहीत. निरोप आला तेव्हा मी दादांच्या मदतीला दुकानात होते, गिऱ्हाइकाला ज्वारीचं बी मोजून देत होते. ते मी पूर्ण मोजलं, पिशवी बांधली, सुतळीला गाठ मारली. राजूरला जाऊन आले. तिथे सगळे रडत होते, मला रडू आलं नाही. आपल्यात काही कमी आहे की काय, असं वाटलं आणि तेही लवकरच विसरले.

पावसाळ्यानंतर नवे सर आले. त्यांनी माझ्याबरोबर दोन दिवस फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या दिवशी न सांगता खाली उतरले. म्हणाले, जा. वारा आडवाच होता. मी गेले, एक फेरी मारली, उतरले. विमान सरळ पळालं. आनंद वगैरे झाला नाही. काम झालं, एवढंच वाटलं.

दादा कुंपणापाशी उभे होते. धावत आले, तोंडावर हसू मावत नव्हतं. म्हणाले, "आधी शेजूळ सरांना फोन लाव. जल्दी."

मी हो म्हणाले. ऑफिसात गेले, फोन उचलला. नंबर पाठ होता. तीन आकडे फिरवून झाले आणि बोट तिथेच राहिलं. मागे दारात दादा येऊन उभे राहिले होते. त्यांच्याही आत्ताच लक्षात आलं होतं. त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला, आणि मग मला रडू फुटलं.