आमच्या गाडीला सायलेन्सर मिळाला त्याची गोष्ट

किस्से कसे, खरकट्या भांड्यांसारखे असतात. एक घासून पालथं घालावं तर सिंकमध्ये दुसरं येऊन पडलेलं! आमच्या घरात एका सायलेन्सरवरून एवढे किस्से साठलेत की चहा गाळून होईपर्यंत एखादा तरी सांगून होतो.

तर ऐका. एक होतं नाहूर. तिथं स्टेशनच्या अंगाला एक बिल्डिंग. बिल्डिंगीत दुसऱ्या माळ्यावर एक म्हातारा, एक म्हातारी, एक नातू आणि एक नातसून. म्हातारी म्हणजे मी. म्हातारा म्हणजे आमचे हे. उभा जन्म गिरणीच्या साचेखात्यात काढला, साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात दोन्ही कान गेले. कानाचं मशीन आणून दिलं, तर म्हणाले, "हेच्यात शिट्टी वाजता," आणि कपाटात टाकलं. नातू नीलू, अंधेरीला ऑफिसात जातो. त्याची बायको श्रद्धा. घरात सगळं होतं, एक पाळणा तेवढा नव्हता. लग्नाला सहा वर्षं झालेली. देवाला विचारून झालं, डॉक्टरला विचारून झालं. आता कोणी विचारलेलंही त्या पोरीला सहन होत नव्हतं.

आणि होती एक पांढरी गाडी. साधी, रोजच्या वापराची. तिच्यापासूनच सुरुवात करते.

*

एकदा मनोरीला मासे खायला गेलो होतो. गाडी मार्वे जेट्टीला लावली, होडीने पलीकडे गेलो, पोटभर जेवून परत आलो. गाडी निघाली आणि थोड्याच अंतरावर खालून धाडकन आवाज! मुंबईच्या खाऱ्या हवेने कुजलेला सायलेन्सर अर्धा रस्त्यावर लोंबत होता.

नीलू मेकॅनिकला फोन लावायला लागला. हे म्हणाले, "मेकॅनिक कित्याक? सुंभ आसा माझ्याकडे!"

कोकणातला माणूस डिकीत स्टेपनी विसरेल, सुंभ नाही विसरणार. सायलेन्सर जरा निवू दिला आणि ह्यांनी होडी बांधावी तसा तो सुंभाने गच्च बांधला. गाठ बघून नीलूसुद्धा म्हणाला, "आजोबा, झकास!"

जोगेश्वरी लिंक रोडला पोचेस्तोवर सायलेन्सर परत तापला आणि नारळाच्या काथ्याने पेट घेतला. मागून धुराचे लोट! सिग्नलला एक बाईकवाला काच ठोकून म्हणतो, "काका, गाडीची दृष्ट काढताय काय?"

ह्यांना काय ऐकू येतंय! हात जोडून हसले आणि म्हणाले, "नमस्कार, नमस्कार!"

*

त्या दिवसापासून गाडीत धुराचा वास यायला लागला. सायलेन्सरला भोक पडलेलं. नीलूने त्यावर पत्रा मारून घेतला, तरी श्रद्धाला गाडीत बसलं की मळमळायचं. ती म्हणायची, "आजी, हा सायलेन्सर माझा जीव घेणार."

मग ती रिक्षाने जायला लागली. रिक्षातही उलटी. नीलू म्हणाला, "रिक्षाचा सायलेन्सर पण खराब असेल." मग ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या उलटी! आता मी म्हटलं, "अगं बाई, ऑफिसात कुठे आला गं सायलेन्सर?" आणि तिचा हात धरून सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाईंनी तपासलं आणि हसायलाच लागल्या. "सायलेन्सर निर्दोष आहे, आजी. पेढे आणा!"

श्रद्धा रडली. मीही रडले. नीलूला फोन केला तर तो म्हणाला, "मग नवीन सायलेन्सर नको घेऊ?"

बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "घ्या! वास येतोय म्हणजे धूर आत येतोय. तो आता बाळाच्या वाट्याला नको. तोपर्यंत हिला त्या गाडीत बसवायचं नाही." झालं. सहा वर्षांनी देवाने दार उघडलं होतं, आणि आमच्या गाडीत त्या जिवाला जागा नव्हती.

*

कुर्ल्याला गॅरेजवाल्यांची लाईन आहे, तिथं उस्मानभाईंचं दुकान. सायलेन्सर असे टांगलेले की लग्नसराईतलं साडीचं दुकान वाटावं. कंपनीचा, बाहेरचा, साधा, स्टीलचा, एक तोंडाचा, दोन तोंडांचा. उस्मानभाई एकेकाचा आवाज मोबाईलवर वाजवून दाखवत होते. नीलूचे डोळे लुकलुकायला लागले. मी ओळखलं, ह्याला बाळासाठी सायलेन्सर नकोय, कॉलेजात राहिलेली हौस हवीय.

म्हटलं, सरक नीलू, मी निवडते. साठ वर्षं नारळ घेतेय, एक नासका निघाला नाही. एकेक सायलेन्सर बोटाने ठोकला, कानाशी धरला, हलवून बघितला. एक भरदार वाजला. म्हटलं, "हा द्या."

उस्मानभाईंनी कपाळाला हात लावला. "आजी, ये नारियल नहीं है! आणि तुम्ही उचललाय तो टेम्पोचा आहे."

*

शेवटी नीलूने स्वतःच्या मनासारखा बसवला. दोन तोंडांचा, निळसर चकचकीत. मी विचारलं, "एवढा आवाज कशाला रे?" तर म्हणतो, "आजोबांना ऐकू येईल म्हणून, आजी!"

आता आमच्या घरची रीत सांगते. नवीन वस्तू आली की घरचा वडील माणूस नारळ हातात घेऊन देवाला गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे मागून 'होय म्हाराजा' म्हणतात. त्याशिवाय आमच्याकडे मिक्सरसुद्धा फिरत नाही.

हे नारळ घेऊन खाली आले. नीलूने गाडी चालू करून पाय दाबला. बाई बाई बाई! कंपाउंडातल्या चार गाड्यांचे सायरन एकदम बोंबलायला लागले, कुत्री पळाली, कबुतरं उडाली. सेक्रेटरी सावंतकाका अर्धी दाढी केलेल्या तोंडाने गॅलरीत येऊन ओरडले, "नीलू, विमान खाली उतरव आधी!"

हे नारळ घेऊन उभेच. मला म्हणाले, "गो, तेका सांग, गाडी चालू कर मगे. चाय थंड होता."

*

दुसऱ्याच दिवशी भांडुपच्या सिग्नलला हवालदाराने अडवलं. मी पुढे बसलेली. नीलूने लगेच गरीब तोंड केलं. "साहेब, आमच्या आजोबांसाठी बसवलाय. त्यांना ऐकू येत नाही."

हवालदाराने पावती फाडली. "आता बाकीच्यांनाही यायचं नाही!"

*

मग श्रद्धा म्हणाली, "आता निवडायला मी येते." तिला सातवा लागलेला. त्या दणदणाटात बसायचं नव्हतं, म्हणून नीलू गाडी घेऊन पुढे गेला आणि आम्ही दोघी रिक्षाने कुर्ल्याला गेलो. उस्मानभाईंनी नीलूचा निळा दागिना उतरवून एक साधा, स्टीलचा, एक तोंडाचा बसवला. गाडीच्या खाली जाऊन एकेक जोड तपासला. कुठून धूर गळत नाही हे बघितलं, आणि मगच तिला मागच्या सीटवर बसायला दिलं. इंजिन चालू, काच खाली.

नीलू सांगत होता, "अगं, ह्याला काही दमच नाही!"

श्रद्धाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "उस्मानभाई, चहा मिळेल का?"

उस्मानभाई गाडीच्या मागे सायलेन्सरपाशी उभे होते. तिथूनच म्हणाले, "कटिंग की फुल?"

"हाच ठेवा," श्रद्धा म्हणाली.

*

आता आमचे हे अडून बसले! नारळ घेऊन खाली आले, कान पुढे केला, आणि म्हणाले, "आवाज नाय म्हणजे जीव नाय. मेलेल्या गाडयेक गाऱ्हाणा घालूचा नाय."

नीलूने त्यांचा हात बॉनेटवर ठेवला. म्हणाले, "थरथरता ती ट्रेन गेली म्हणान." मग नीलूने गाडी कंपाउंडात गोल फिरवून दाखवली. म्हणाले, "उतार आसा. आपसूक जाता."

आम्ही हसलो, पण श्रद्धाचं तोंड उतरलं. रात्रंदिवस तिच्या मनात एकच, पोटातलं नीट हातात येऊ दे. मला म्हणाली, "आजी, एवढ्या वर्षांनी होतंय. गाऱ्हाणं नसेल तर मी या गाडीतून हॉस्पिटलात नाही जाणार." मी ह्यांना खाणाखुणा करून परोपरीने सांगितलं. साचेखात्यात हे लोक खुणांनीच बोलायचे, माझी एकेक खूण त्यांना कळते. नाही कळली ती मुद्दाम!

*

आणि एका दुपारी कळा सुरू झाल्या. हे नेमके गावकीच्या मिटिंगला परळला गेलेले. श्रद्धा दारात घट्ट उभी. मी म्हटलं, "चल गाडीत. गाऱ्हाणं मी घालते." आमच्यात बायका घालत नाहीत. पण कळाही पुरुषांना येत नाहीत!

एलबीएस रोडला ट्रॅफिक ठप्प. काचा खाली. एका हाताने श्रद्धाची पाठ चोळत मी सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ही माझी नातसून आज तुझ्या भरवशावर निघाली आहे, तिची वाट मोकळी कर रे म्हाराजा!"

नीलू नुसता हॉर्न बडवत होता. श्रद्धाला कळ आलेली, ती काय बोलणार! तेवढ्यात बाजूच्या रिक्षातून दणदणीत आवाज आला, "होय म्हाराजा!"

बघते तर रिक्षावाला दोन्ही हात जोडून बसलेला. "खंयचे तुम्ही, आजी?" एवढं विचारून तो खाली उतरला आणि पुढच्या गाड्यांना हात दाखवत, ओरडत आमची गाडी बाहेर काढून दिली.

दिवेलागणीला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

*

घरी आलो तो दिवस. गेटवर अख्खी बिल्डिंग जमलेली, सावंतकाका पेढ्यांचा पुडा धरून. हे सगळ्यांच्या पुढे, धुतलेलं धोतर नेसून, हातात नारळ. मी खुणेने विचारलं, "आता कशाला? मेलेली ना गाडी?" मला म्हणाले, "गाडयेक नाय गो. पणतीक."

नीलूने एसीसाठी इंजिन चालूच ठेवलं होतं. श्रद्धा बाळाला घेऊन मागच्या सीटवर, गाऱ्हाणं होईपर्यंत उतरायचं नाही म्हणून बसलेली. ह्यांनी नारळ वर धरला आणि आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! सहा वर्सांनी ह्या घरात लक्ष्मी इली. तिका मोठी कर, शाणी कर, आणि तिचो आवाज चार गावांत जाव दे रे म्हाराजा!"

आम्ही तोंड उघडणार, एवढ्यात आतून पोरीने जो टाहो फोडला! सावंतकाकांच्या हातातला पुडा हलला.

हे थांबले. चार सायरन न ऐकलेल्या त्या कानांना काहीतरी ऐकू आलं होतं. नारळ तसाच धरलेला. मान वळवली, गाडीकडे बघितलं. मग हळूहळू चालत गाडीच्या मागे गेले, गुडघ्यावर हात टेकून वाकले, आणि सायलेन्सरजवळ कान नेऊन ऐकत राहिले. पोरगी रडतेय, अख्खी बिल्डिंग माना वाकवून बघतेय.

मग उभे राहिले. डोळे भरलेले, पण तोंडावर साचेखात्यातल्या मुकादमाची ऐट.

"नीलू," म्हणाले, "हो आवाज बरो आसा. होच ठेय."