सेंटात पानी

गुरुवारी सकाळी साडेसहा वाजता ताईने चहासाठी शेगडी पेटवली. गॅसची नळी गळत होती. मी त्या दिवशी खामगावला होते. शनिवारी दुपारी अकोल्याच्या दवाखान्यात ताई वारली.

एवढं लिहायला मला सात महिने लागले. ताईबद्दल काहीही आठवायला बसलं की आधी तिचा सेंट आठवतो. सेंटाबद्दल लिहायचं म्हणजे सगळंच लिहावं लागणार, म्हणून टाळत आले.

धामणगाव बढे गावात तिला नावाने ओळखणारी माणसं थोडीच होती. ‘सेंटवाल्या ताई’ म्हटलं की कोणीही आमचं घर दाखवायचं. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मेहुणे गेल्यावर शिलाई मशीन घेऊन माझ्याकडे राहायला आली, ती शेवटपर्यंत राहिली. मी इथल्या शाळेत मराठी शिकवते. पुढच्या खोलीत तिची मशीन, मधल्या खोलीत माझी पुस्तकं, मागे स्वयंपाकघर. सोळा वर्षं आम्ही दोघी त्या तीन खोल्यांत राहिलो.

ब्लाउजचं माप घ्यायची तिची एक रीत होती. बाई आली की आधी तिला बसवायची, पाणी द्यायची. मग टेप हातात घ्यायच्या आधी सेंटाची बाटली घ्यायची. एक फवारा स्वतःच्या गळ्याशी, एक त्या बाईच्या. बायका कापूस वेचून थेट यायच्या, कोणी भाकरी टाकता टाकता उठून यायची. मुंढ्याचं माप घ्यायला हात वर करायची वेळ आली की त्या अंग चोरायच्या. “ताई, लय घाम आला हो,” म्हणायच्या. अंग चोरलं की माप चुकतं. ताई म्हणायची, “आता तू अन् मी सारख्याच. कर हात वर.” मग हात वर जायचा. तिने शिवलेला ब्लाउज काखेत कधी तटतटला नाही. कोणी हाताचं कौतुक केलं तर ती बाटलीकडे बोट दाखवायची.

हा सेंट मलकापूरच्या एका दुकानात मिळायचा. स्वस्तातला होता. वास गोड, पिकल्या फळाचा, लहानपणी जत्रेत मिळणाऱ्या गुलाबी गोळ्यांसारखा. शेजारची लता म्हणायची, “ताई, तुमच्या घरी आलं का फळाच्या गाड्यापाशी उभं राह्यल्यावानी वाटते.” बाटलीवर एक फळ छापलेलं होतं. ताई म्हणायची, तो पेरू आहे. मी वाचून सांगितलं, पीच आहे.

“पीच कायले म्हनते वं?”

मी शब्दकोश काढला. त्यात ‘सप्ताळू’ निघाला. ताई त्या दिवशी मशीन थांबवून थांबवून हसली. तेव्हापासून आमच्या घरात सेंटाचं नाव सप्ताळू पडलं. “मलकापूरले जाशीन तं सप्ताळू आनजो.” सप्ताळू आम्ही दोघींनी कधी खाल्ला नव्हता.

विधवा बाईने सेंट लावावा का, यावर गावात बोलणं व्हायचंच. एकदा एक म्हातारी माप देता देता म्हणाली, “नवरा गेला तरी तुही हौस नाई गेली वं.” ताईच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून ती म्हणाली, “नवरा गेला, आजी. माह्यं नाक कुठी गेलं?” म्हातारीने पुढचे दोन्ही ब्लाउज तिच्याकडूनच शिवून घेतले.

मी सेंट लावत नसे. ताई माझ्या खोलीत यायची, पुस्तकं हुंगल्यासारखं करायची आणि म्हणायची, “मास्तरीण, तुले ह्या कागदाचा वास आवडते नं? मंग माह्या सप्ताळूले नाव नको ठेवू.” मी नाव ठेवत नव्हते. शाळेतून परत येताना गल्लीच्या वळणावर तो वास आला की घर आलं, असं मला वाटायचं. हे मी तिला सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात तिला मोठी सर्दी झाली. महिनाभर टिकली आणि गेली. त्यानंतर कधीतरी ती पहिल्यांदा म्हणाली, “आजकाल सेंटात पानी घालून राह्यले वं.” मी म्हटलं, असेल. पुढच्या महिन्यात पुन्हा म्हणाली. मग तिचे फवारे दोनाचे चार झाले, चाराचे सहा. एका सुट्टीच्या दिवशी ती मला घेऊन मलकापूरला गेली आणि दुकानदारासमोर बाटली ठेवून म्हणाली, “काहो, पानी घालून इकता का?”

“मावशी, बाटली पॅक येते. पानी कुठून घालू मी?”

“मंग वास काऊन येत नाई?”

त्याने स्वतःच्या मनगटावर फवारा मारला. आमच्या मागे उभ्या असलेल्या बाईने पदर नाकाला लावला. ताईने त्याचं मनगट धरून नाकाशी नेलं, लांब श्वास घेतला. “काई नाई. निस्तं पानी. चोर हायेत सारे.” दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं आणि मग बराच वेळ माझ्याकडे. मला वाटलं, त्याला माफी हवी आहे. मी हात जोडले आणि ताईला बाहेर नेलं. येताना एसटीत आम्ही हसलोही. “भांडाले काय भेते मी?” ती म्हणाली.

मी पुस्तकं वाचणारी बाई आहे. मुलांना उताऱ्याखालचे प्रश्न सोडवायला शिकवते. माझ्यासमोर उतारा उघडा होता. वरण करपल्याचा वास मला गल्लीत यायचा आणि ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून शांतपणे हुक लावत असायची. आंबलेली भाजी ती माझ्या ताटात वाढायची. भाजीत मीठ-तिखट वाढत गेलं, तिचं जेवण कमी होत गेलं. “लक्ष कुठी असते वं तुह्यं?” मी म्हणायचे. मला वाटलं, तिला दिसत नसेल. मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नंबर वाढलेला नव्हता. मी निर्धास्त झाले.

बायका मात्र कुरकुरू लागल्या. माप द्यायला येणाऱ्या बाईला ती भिजवूनच टाकायची. दोघीतिघी दुसरीकडे शिवायला जाऊ लागल्या. लता थट्टा करायची, “ताई, मोटारीनं पानी देल्यावानी सेंट मारता तुम्ही.” शेवटी एका संध्याकाळी मीच बोलले, “पुरे नं वं आता. बाया नाक दाबून राह्यल्या. लाज वाटते मले.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. “लाज वाटते?” एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवसापासून तिने बायकांना सेंट लावणं बंद केलं. स्वतःला लावत राहिली.

त्या गुरुवारी सकाळी लता दूध द्यायला आमच्या दारात आली होती. काय झालं ते तिने मला नंतर रडत रडत सांगितलं. ती म्हणाली होती, “ताई, कायचा तं वास येऊन राह्यला.” ताई आतूनच हसली होती. “माह्या सेंटाचा असंन. तुमाले तं त्याचीच अॅलर्जी हाय.” लताही हसली आणि निघाली. ती गल्लीच्या टोकाला पोचलीही नव्हती, तोच मागे भडका उडाला.

अकोल्याला डॉक्टरांनी मला विचारलं, “गॅसचा वास आला नाही का यांना?” मी लगेच म्हणाले, “वासाची तर तिला फार आवड आहे.” असं उत्तर मी दिलं.

शुक्रवारी सकाळी ताई शुद्धीवर होती. तोंडाशी कान न्यावा लागत होता.

“मास्तरीण, सेंटात पानी नव्हतं वं.”

मी कान आणखी जवळ नेला.

“तू म्हने जास्त झाला. लता म्हने जास्त झाला. मले वाटे, तुमी थट्टा करून राह्यल्या.” मग म्हणाली, “त्या दुकानवाल्याले सांगजो. उगाच चोर म्हनलं म्या त्याले.”

ती मला रागावून काहीतरी बोलेल म्हणून मी दिवसभर वाट पाहत होते. तिने बोलावं अशी माझी इच्छा होती. ती बोलली नाही.

महिन्याभराने मी मलकापूरला गेले. दुकानदाराने मला ओळखलं. मी त्याला ताई गेली हे सांगितलं, कशी गेली हेही सांगितलं. म्हटलं, “सेंटात पाणी नव्हतं, हे तुम्हाला सांगायला तिने पाठवलंय.”

तो काउंटरवरच्या कपड्याची उगाच घडी करत राहिला. मग म्हणाला, “मॅडम, त्याईले वास येत नाई, हे मले त्याच दिवशी समजलं होतं. माह्या बाबाचं बी तसंच झालं होतं. म्या तुमच्याकडं पाह्यलं बी.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमी शिकेल दिसल्या. म्हटलं, तुमाले माईत असंन.”

मी तिथून बसस्टँडपर्यंत कशी आले ते मला आठवत नाही. एसटी लागलेली होती. ती गेली, मग दुसरी लागली, तीही गेली. तिसऱ्या गाडीच्या कंडक्टरने विचारलं, “बाई, कुठी जाचं हाय?” मला गावाचं नाव पटकन सांगता आलं नाही.

आता त्या तीन खोल्यांत मी एकटी राहते. नवी नळी बसवली आहे. रोज सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडते, शेगडीपाशी वाकते, वास घेते. काही येत नाही. गॅस गळत नाही म्हणून येत नाही की मलाच येत नाही, हे सांगायला घरात दुसरं माणूस नाही.