मम्मीला लागेल

शनिवारी लेकीला भरतनाट्यमच्या क्लासला आणलं की मी मिशन शाळेच्या हॉलमध्ये मागच्या बाकावर बसून राहते. हॉलला लागूनच ख्रिस्ती दफनभूमी आहे; खिडकीतून क्रूस दिसतात. क्लास सुरू होताना मुली वाकून जमिनीला हात लावतात आणि तो डोळ्यांना लावतात. "आता आपण हिच्यावर पाय आपटणार, म्हणून आधी माफी मागायची," असं ताईंनी पहिल्याच दिवशी शिकवलंय.

परवा रिबेका महिन्याभराने क्लासला आली. मध्यंतरी तिची आई गेली. तिला इथंच, खिडकीपलीकडे पुरलंय. ताईंच्या काठीच्या ठेक्यावर बाकीच्या मुलींचे पाय दणदण पडत होते. ही मात्र पाऊल अलगद टेकवत होती.

"रिबेका, आवाज कुठाय? जोरात मार पाय!" ताई ओरडल्या.

"ताई, मम्मीला लागेल."

काठी थांबली.

आम्ही आमची माणसं जाळतो, राख पाण्यात सोडतो आणि जमिनीवरून बिनघोर चालतो. पण पायाखाली कधीच कुणी नव्हतं, अशी जागा तरी कुठे असेल? मोठं होताना आपण ते विसरायला शिकतो, एवढंच.

गॅदरिंग तोंडावर आलेलं. ताईंनी काठी पुन्हा उचलली.

रिबेकाने खिडकीकडे पाहिलं. वाकून जमिनीला पुन्हा हात लावला, डोळ्यांना लावला. मग ताठ उभी राहिली आणि सांगितलं होतं तसा, जोरात पाय आपटला.