सोळावी स्प्रिंग

इंजिनाची हेडं, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेले वरचे भाग, दुरुस्त करणाऱ्या या कारागिराला सगळे ‘धाकटे’ म्हणत. कारखाना उभा करणारे त्यांचे थोरले भाऊ जाऊन बारा वर्षं झाली होती, तरी लोकांच्या तोंडी धाकटे धाकटेच राहिले. थोरल्यांच्या पत्नीने त्यांच्या मागे घरी बसण्याचं नाकारलं आणि खिडकीजवळच्या टेबलावर स्प्रिंगांचा ताण मोजण्याचं काम पत्करलं. अख्खा कारखाना त्यांना वहिनी म्हणे. प्रत्येक स्प्रिंग यंत्रात ठरलेल्या उंचीपर्यंत दाबायची, काटा वाचायचा, आकडा चिठ्ठीवर लिहून ती पांढऱ्या दोऱ्याने स्प्रिंगला बांधायची. “मला इंजिन कळत नाही, काटा कळतो,” असं त्या म्हणत; आणि त्या म्हणण्यात नम्रतेपेक्षा अधिकार अधिक असे.

एका दंतवैद्यांना आपल्या रोजच्या गाडीला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंप, बसवून हवा होता.

“दवाखान्यात जायला एवढा वेग? पेशंट पळून जातात की काय?” धाकट्यांनी विचारलं.

“पेशंट नाही हो, मीच पळतो. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून बघा एकदा!”

धाकट्यांनी सुट्या भागांची निवड मन लावून केली. जळका वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह जास्त उष्णता सोसणाऱ्या धातूचे घेतले. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट मवाळ ठेवला, कारण गाडी शर्यतीत नव्हे, सिग्नलला उभी राहणार होती. व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या स्प्रिंगा जुन्यांपेक्षा कडक हव्या होत्या; पण फार कडक घेतल्या तर त्यांनी कॅमशाफ्टच झिजवला असता. म्हणून मधल्या ताणाच्या सोळा मागवल्या.

वहिनींनी त्या मोजल्या. पंधरांचा ताण पस्तीस किलोंच्या आसपास भरला, सोळावीचा तीस.

“ही परत पाठवा, भावजी.”

“आठ दिवस जातील. डॉक्टरांना शनिवारचा शब्द दिलाय.”

“शब्द तुम्ही दिलाय, त्या स्प्रिंगने नाही.”

धाकटे हसले. त्यांनी दोरा कापला, चिठ्ठी खणात टाकली आणि ती स्प्रिंग हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हवर चढवली. ही तीस वर्षांची सवय होती. धूर सोडणारी बाजू तापते, म्हणून चांगल्या स्प्रिंगा तिकडे. उणी असेल ती थंड बाजूला. साध्या इंजिनात हे खपून जाई. इथे मात्र दाबलेली हवा नेमक्या त्याच व्हॉल्व्हच्या पाठीवर रेटा देणार होती. धाकट्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यासाठीच तर त्यांनी कडक स्प्रिंगा मागवल्या होत्या. विचारपूर्वक निवडलेलं त्यांच्या सवयीच्या हातांनी मोडलं.

दीड महिन्याने गाडी ओढून आणावी लागली. हेड उघडलं तर तिसऱ्या सिलिंडरचा, सोळावी स्प्रिंग बसवलेला व्हॉल्व्ह वाकलेला. तो वेळेवर मिटला नव्हता आणि वर येणाऱ्या पिस्टनने त्याला गाठलं होतं. दंतवैद्य शेजारी उभे होते, बाजूच्या दुकानातला रंगारी डोकावत होता, दोन गिऱ्हाइकं बाकावर होती.

“झालं कसं हे?” दंतवैद्यांनी विचारलं.

“वहिनींच्या मोजण्यात चूक झाली,” धाकटे म्हणाले.

वहिनी खिडकीपासून उठल्या नाहीत. “चिठ्ठी काढा, भावजी.”

“कुठली चिठ्ठी?”

खण धाकट्यांच्याच गुडघ्याला लागून होता.

“जाऊ द्या हो, वयाप्रमाणे डोळे जायचेच,” रंगारी समजूत घालत म्हणाला. त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. वहिनींनी काटा पुसला, यंत्रावर कापड घातलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या लेकीकडे राहायला गेल्या.

धाकट्यांनी इंजिन पुन्हा बांधून दिलंच. त्या एका वाक्याने त्यांचं काहीच वाचलं नव्हतं; त्यांनी फक्त दुसऱ्याची पत आपल्या चुकीवर पांघरूण म्हणून वापरली होती. खण उघडला की चिठ्ठी दिसे. ती त्यांना फेकवेना आणि कुणाला दाखववेना. अशी दोन वर्षं गेली.

शेवटी ते चिठ्ठी घेऊन लेकीच्या घरी गेले. वहिनी पडद्याला दुमड घालत होत्या.

“वहिनी, आकडा बरोबर होता. चुकलो मी.”

“बरोबर होता हे मला ठाऊकच होतं. मला काय सांगता? जिथे म्हणालात तिथे सांगा.”

ती दोन गिऱ्हाइकं कोण होती हे धाकट्यांना आठवेना. रंगारी दुकान बंद करून गेला होता. कुठे, ते कुणाला माहीत नव्हतं. उरले दंतवैद्य. धाकटे दवाखान्यात उभ्या उभ्या सगळं बोलले. खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवूनच ऐकत होता.

“ती गाडी मी केव्हाच विकली हो,” दंतवैद्य तोंडावरचा मास्क खाली ओढत म्हणाले. “पण वहिनी म्हणजे कोण?”

धाकट्यांनी हे फोनवर वहिनींना जसंच्या तसं सांगितलं.

“आता तरी कारखान्यात याल का?” धाकट्यांनी विचारलं.

“नाही, भावजी. काटा मात्र मधून मधून तपासा.”

दोन वर्षं धाकट्यांनी स्प्रिंगा डब्यावर छापलेल्या आकड्यावर विश्वासून बसवल्या होत्या. त्या दुपारी त्यांनी यंत्रावरचं कापड काढलं. आत स्प्रिंग नव्हती, तरी काटा शून्याच्या दोन रेघा पुढे उभा होता. तो शून्यावर कसा आणायचा, हे त्यांनी वहिनींना कधी विचारलंच नव्हतं.