आत्यांची कुजबुज

माझ्या सासूबाई प्रसिद्ध होत्या त्या सुनेला डाग देण्याबद्दल. दचकू नका, नाटकात! खऱ्या घरात त्यांनी मला कधी चिमटासुद्धा काढला नाही. पण हे पेणला माझ्या आईला कोण सांगणार? तिनं ते नाटक डोळ्यांनी पाहिलेलं. माझं रोह्याचं स्थळ ठरलं आणि मुलाची आई कोण ते कळलं, तेव्हा ती तोंडाला पदर लावून बसली. "अहो, त्या उलथनंवालीच्या घरात पोर देताय?" वडील म्हणाले, "नाटक होतं ते." आई म्हणाली, "व्हय, पण हात कसा सराईत होता!"

त्याचं झालं होतं असं. देश स्वतंत्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. रोह्यातली हौशी मंडळी नाटक बसवायची आणि बायकांची कामं पुरुषच करायचे. सुनेचं काम एका शिंपीदादांकडे. दुपारी गुळगुळीत दाढी करायचे, पण तिसऱ्या अंकापर्यंत सुनेची हनुवटी निळी पडायची. सासू होणारे गृहस्थ ऐन वेळी तापानं आडवे झाले. माझे सासरे पडदे रंगवायचे, त्यांनी आपल्या बायकोलाच पुढं केलं. तालमी ऐकून ऐकून तिला सगळं नाटक पाठ होतं. तेव्हा आत्या (मी सासूबाईंना आत्याच म्हणायची) विशीच्याही आतल्या. केसांना तांदळाचं पीठ चोपडलं, स्टेजवर आल्या, आणि आपल्याहून हातभर उंच सुनेवर तापलेलं उलथनं उगारून अशा गरजल्या, की पुढं बसलेली एक म्हातारी उठून ओरडली, "सोड गो तिला, सटवे!"

झालं. रोहा, नागोठणं, पेण, सगळीकडं तेच नाटक आणि तीच सासू. बाजारात नवीन उलथनं घ्यायला गेल्या, तर दुकानदार म्हणाला, "वहिनी, झारा न्या. उलथनं तुम्हाला नाय देणार."

मी नवी नवरी होऊन आले, तेव्हा पहिल्याच दिवशी माझी भाकरी तव्यावर करपली आणि मी उलथन्यापासून दोन पावलं मागं सरले. आत्यांनी ती करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली आणि म्हणाल्या, "घाबरू नको बाय. मी ओरडते ती तिकीट काढलेल्यांवर. फुकट नाय ओरडत."

पण त्या एका कामानं त्यांची दुसरी सगळी कामं खाल्ली. एकदा त्यांना प्रेमळ आईचं काम मिळालं. मरणाचा प्रवेश इतका छान केला, आणि त्यांनी डोळे मिटल्याबरोबर मागून कोणीतरी म्हणालं, "गेली एकदाची!" सगळा मांडव हसला. त्यानंतर आत्या स्टेजवर गेल्या नाहीत. विंगेत उभ्या राहायला लागल्या. पुढच्याला वाक्य आठवलं नाही की आतून पुरवायचं, एवढंच काम.

आणि खरं सांगायचं तर माणसाचं मोठेपण मी तिथं बघितलं. आत्यांच्या मनानं घेतलं, की बायकांची कामं बायकांनीच करायची. बायकांना हौस होती हो, पण सोडणार कोण? आत्या दुपारच्या रोह्यात, कधी नागोठण्यालाही, घरोघरी जायच्या, ओटीवर बसायच्या आणि तिथल्या सासूला सरळ विचारायच्या, "तुमची सून द्या मला, संध्याकाळचे दोन तास."

"आणि भाकऱ्या कोण थापेल? तुम्ही?"

"मी थापते की."

लोकांना वाटायचं, बोलतात. पण या खरंच जायच्या! सून तालमीला, आणि सुनेच्या चुलीपुढं आत्या. तालमीत वाक्यं पुरवायला सासऱ्यांना बसवायच्या आणि स्वतः परक्या घरात तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या. भाकरी टम्म फुगायची, घरातली म्हातारी जरा नरमायची. "हिला कसं काय, काम जमतंय का?" असं हळूच विचारायची. मग एक दिवस म्हातारी स्वतःच तालीम बघायला यायची, आणि येताना हरभऱ्याची उसळ घेऊन यायची. रोह्यात कारखाने आल्यावर शिफ्टवाल्या घरांतून वेळा सांभाळायची कसरत वाढली, तरी आत्या मागं हटल्या नाहीत. प्रयोगाला मात्र त्या विंगेतच. नवी बाई स्टेजवर गडबडली की आतून हळू आवाज यायचा, "घाबरू नको बाय." पुढचं वाक्य त्याच्या मागोमाग.

आत्यांची ऐंशी उलटली, तेव्हा पेणच्या नाट्यमंडळानं त्यांचा सत्कार ठरवला. दोन कार्यकर्ते घरी आले, फलकाचा नमुना दाखवला. आत्यांच्या फोटोशेजारी हे एवढं मोठं उलथनं.

आत्या म्हणाल्या, "बाबांनो, हे काढा की. नंतर मी एवढं केलं, त्यातलं कायतरी लिहा."

"आजी, लोकांना ओळख पटायला नको का? आणि तुम्ही तो प्रवेश पण करायचाय. पाचच मिनिटं."

पाहुणे गेल्यावर आत्यांनी त्यांचे चहाचे कप उचलले. मग म्हणाल्या, "गो, मी गेल्यावर पिंडाशेजारी पण उलथनंच ठेवा. कावळा ओळख पटल्याशिवाय शिवायचा नाय." आम्ही दोघी हसलो, पण त्यांना लागलं होतं. एकदा तरी, जिवंतपणी, लोकांनी आपल्याला दुसऱ्या कशासाठी ओळखावं, एवढंच त्यांना हवं होतं.

तरी गेल्या. नाही म्हणायचा स्वभावच नव्हता. सभागृह भरलेलं. मंडळाच्या पोरांनी आत्यांच्या पदराला चिमट्याचा छोटा माईक लावला. "हे कशाला? माझा आवाज जातो शेवटपर्यंत," आत्या म्हणाल्या आणि तो विसरूनही गेल्या. सुनेच्या कामाला कॉलेजातली एक मुलगी होती, पहिल्यांदाच उभी राहिलेली. मी विंगेत, आत्यांची काठी धरून.

पडदा वर गेला. आत्यांनी उलथनं उगारलं. "कुठं मेली होतीस इतका वेळ?"

टाळ्या पडल्या. पोर मात्र गप्प, डोळे विस्फारलेले. आणि आत्यांना जन्माची सवय! त्या कुजबुजल्या, "घाबरू नको बाय. विहिरीवर गेले होते, म्हण."

माईकमधून ते सगळ्या सभागृहात घुमलं.

"विहिरीवर गेले होते," पोर म्हणाली.

"विहिरीवर की माहेरी?" आत्या गरजल्या. पाठोपाठ हळूच, "आता मागं सर. अगो तिकडं नको, लोकांना तोंड दिसू दे."

लोक हसायला लागले. आत्यांना वाटलं, प्रवेश रंगतोय.

"पुढं कर हात!" आणि लगेच, "कर, कर. थंड हाय ते."

सभागृह असं फुटलं म्हणता! तेव्हा कुठं आत्यांचं पदराकडं लक्ष गेलं. उलथनं खाली आलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, चेहरा एवढासा झालेला. शेवटच्या संधीची आपण माती केली, असंच त्यांना वाटलं असणार.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक पिकल्या केसांची बाई उठली. "अगो, हाच तो आवाज! मला पण हेच म्हणाल्या होत्या, घाबरू नको बाय!" मागून दुसरी उठली, "मला पण!" मग इकडून एक, तिकडून एक. टाळ्या वाजवत उभ्याच राहिल्या. सूत्रसंचालकानं हातातला कागद खिशात घातला आणि सगळ्यांना वर बोलावलं. आत्या एकेकीला ओळखून सांगायला लागल्या, "ही नागोठण्याची, हिच्या घरचा तवा मधोमध खोल. हिची सासू भाकरीला मीठ घालू द्यायची नाय." त्या बायका हसतात काय, रडतात काय. कॉलेजातली पोर तर आत्यांचा हातच सोडेना.

परतीच्या एसटीत आत्या खिडकीशी बसल्या होत्या. नागोठणं गेल्यावर म्हणाल्या, "गो, सगळं ऐकू गेलं?"

"शेवटच्या रांगेपर्यंत."

"बरं झालं मेलं." आणि गालातल्या गालात हसल्या.

सत्कारात मिळालेलं चकचकीत उलथनं दुसऱ्या दिवशी त्यांनी भाकरीखाली घातलं. ते मधेच वाकलं. "दिखाऊ हाय," म्हणाल्या, आणि चुलीमागचं आपलं जुनं काढून भाकरी उलटली.